पाण्याचा घोडा आणि आपल्या साती आसरा



स्कॉटलंडच्या बेटांवर एक लोककथा सांगतात. तळ्याकाठी देखणा घोडा चरत असतो. पोरं हौसेनं पाठीवर बसतात. हात त्याच्या अंगाला चिकटतात आणि घोडा थेट तळाशी जातो. गेलिक भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थच 'पाण्याचा घोडा'. कधी तो तरुणाचं रूप घेतो. पण केसांत अडकलेल्या शेवाळावरून ओळखू येतो.

आपल्याकडे घोडा नाही, भीती मात्र तीच. कोकणातला गिऱ्हा ओळखीच्या माणसाच्या रूपात वाटसरूला खोल पाण्यात नेतो, असं सांगतात. आपल्या वऱ्हाडात विहिरीवर, नदीच्या डोहाजवळ शेंदूर लावलेले सात दगड दिसतात. त्या साती आसरा. 'अप्सरा'वरून आलेलं हे नाव. त्यांची पूजाही होते आणि धाकही असतो.

असं का? लहान मुलाला पाण्याची खोली दिसत नाही. भीतीला रूप दिलं की ती लक्षात राहते.

पण 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून वावरावावरात तळी झाली. तिथं आसरा नाहीत. प्लास्टिकचं अस्तर असलं की कड इतकी निसरडी होते, की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

म्हणून गोष्ट सांगून थांबू नका. मुलांकडून शिवारातल्या खोल पाण्याचा नकाशा काढून घ्या. शेततळ्याला कुंपण आणि आत सोडलेला दोर आहे का, ते पालकांनी बघावं. आणि कुणी बुडताना दिसलं तर उडी मारायची नाही. ओरडायचं, दोर किंवा ओढणी फेकायची, हे पोरांकडून करून घ्या.