लिंबू, वाइन आणि पॅनची खरवड

चिकनच्या छातीचा पातळ तुकडा मैद्यात घोळवून तेलात किंवा तुपात परतायचा. तो बाहेर काढून त्याच पॅनमध्ये व्हाइट वाइन, लिंबाचा रस आणि शेवटी थोडं लोणी घालून सॉस करायचा. एवढंच काय ते चिकन पिकाटा. मोठ्या शहरांतल्या इटालियन हॉटेलांच्या मेनूकार्डावर तो हमखास असतो. साहित्य जेमतेम सात-आठ, वेळ अर्ध्या तासाच्या आत. तरीही घरी करणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या: चिकन चिवट झालं आणि सॉस म्हणजे नुसतं आंबट पाणी.

बहुतेक वेळा चूक एकाच समजुतीतून होते. चिकन हा एक पदार्थ, सॉस हा दुसरा आणि शेवटी एकावर दुसरा ओतायचा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हे एकच काम आहे. चिकन परतताना पॅनच्या बुडाला जी खरवड धरते, तिच्यातूनच सॉस तयार होतो. हे ध्यानात ठेवून पुढचे गैरसमज पाहू.

गैरसमज १: हा अस्सल इटालियन चिकनचा पदार्थ आहे.

वस्तुस्थिती: इटलीत पिकाटा किंवा लिंबाची ‘स्कालोप्पिने’ मुख्यतः वासराच्या मांसाची करतात. इटालियन स्थलांतरितांबरोबर ही पद्धत अमेरिकेत गेली आणि तिथे चिकनचा पिकाटा घराघरांत रुजला. त्याचं भावंड म्हणजे ‘चिकन फ्रान्चेझे’. नावात फ्रान्स असला तरी हा पदार्थ वाढला न्यूयॉर्कच्या इटालियन-अमेरिकन हॉटेलांत. त्यात तुकडा मैद्यानंतर फेटलेल्या अंड्यात बुडवून परततात. न्यूयॉर्क राज्यातल्याच रॉचेस्टर शहरात त्याला ‘चिकन फ्रेंच’ म्हणतात आणि व्हाइट वाइनऐवजी शेरी वापरतात.

यातला तुकडा कटलेट म्हणून ओळखला जातो, पण तो आपल्या खिम्याच्या किंवा बटाट्याच्या कटलेटसारखा नसतो. त्याला पावाचा चुराही लावत नाहीत. चुरा लावलेली मिलानची ‘कोतोलेत्ता’ हा वेगळा पदार्थ, तिच्यावर सॉस नसतो.

गैरसमज २: केपर्स नसतील तर करूच नये.

वस्तुस्थिती: केपर्स म्हणजे भूमध्य सागराच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या न उमललेल्या कळ्या, मिठात किंवा खारवलेल्या पाण्यात टिकवलेल्या. राजस्थानच्या केर-सांगरीतला केर याच वंशातला, फक्त तिथे कळीऐवजी फळ वापरतात. अमेरिकेतल्या पिकाटात केपर्स जवळपास ठरलेले असतात, पण इटलीतली लिंबाची स्कालोप्पिने त्यांच्याशिवायही सर्रास होते. मिळाले तर चमचाभर घ्या, धुऊन घ्या आणि सॉसमध्ये मीठ सर्वांत शेवटी चाखून घाला. नाही मिळाले तर बारीक चिरलेली पार्सली पुरेशी आहे. बदली म्हणून लिंबाचं लोणचं घालण्याचा मोह मात्र टाळा. त्यातली हळद, मोहरी आणि हिंग यांच्यापुढे वाइन टिकत नाही.

गैरसमज ३: तुकडा जाड ठेवला की चिकन रसदार राहतं.

वस्तुस्थिती: कोंबडीच्या छातीचा आकारच अडचणीचा असतो, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळता. जाड टोक शिजेपर्यंत निमुळतं वाळून जातं. म्हणून सुमारे २५० ग्रॅमचा तुकडा आडवा कापून त्याचे दोन पातळ काप करायचे, ते प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने हलक्या हाताने ठोकायचे. जाडी सगळीकडे सारखी, ६ ते ८ मिलिमीटर, झाली पाहिजे. खरा फायदा या सारखेपणाचा आहे. असा काप एका बाजूने दोन-तीन मिनिटं आणि दुसऱ्या बाजूने त्याहून थोडा कमी वेळ एवढ्यात शिजतो. चिकन चिवट होतं ते पातळपणामुळे नव्हे, पातळ काप जाड तुकड्याइतका वेळ परतल्यामुळे.

गैरसमज ४: परतण्याआधी चिकन खळखळून धुतलंच पाहिजे.

वस्तुस्थिती: ही सवय आपल्याकडे फार पक्की आहे, पण धुतल्याने जंतू मरत नाहीत. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जिवाणू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर सिंक, ओटा आणि शेजारच्या कोथिंबिरीपर्यंत पोचतात. त्यांना मारते ती उष्णता. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस आहे की कोंबडीच्या मांसाचा आतला भाग ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. मांसाच्या रंगावरून हे नेमकं ओळखता येत नाही. शिजलेलं चिकनही कधी गुलाबी दिसतं, तर कधी पांढरं दिसणारं कच्चं असतं.

या पदार्थात धुण्याचा आणखी एक तोटा आहे. ओल्या पृष्ठभागावरचं पाणी उडून जाईपर्यंत तो १०० अंशांच्या वर तापत नाही, तोवर चिकन परतलं न जाता वाफवलं जातं. म्हणून हाडाचे कण असतील तर वेचून काढा आणि काप कागदी रुमालाने कोरडे टिपा. मैदा पॅनमध्ये सोडायच्या ऐन वेळी लावा आणि जास्तीचा झटकून टाका. मैदा लावून ठेवलेला काप ओलावा शोषून चिकट होतो.

गैरसमज ५: मोठ्या आचेवर परतलं की मांसाची छिद्रं बंद होतात आणि रस आत अडकतो.

वस्तुस्थिती: ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रूढ केली आणि पाकशास्त्राच्या पुस्तकांनी ती पुढे वाहिली. अमेरिकन लेखक हॅरॉल्ड मॅगी यांनी १९८४ साली आलेल्या आपल्या पुस्तकात तिचा फोलपणा दाखवला. खरपूस झालेली कड जलरोधक नसते. पॅनमध्ये सतत येणारा चर्र आवाज हा बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो. रस किती उरतो हे आतलं तापमान ठरवतं. साधारण ६० अंशांच्या पुढे मांसाचे तंतू आकसू लागतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात.

मग मोठी आच हवीच कशाला? चवीसाठी. साधारण १४० अंशांच्या वर प्रथिनं आणि शर्करा यांच्यात मेयार अभिक्रिया वेगाने घडते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मेयार यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं. चिकनचा तपकिरी रंग आणि खमंगपणा तिच्यातून येतो, आणि बुडाला धरलेली खरवडसुद्धा. रस टिकवायचा असेल तर परतण्याआधी अर्धा तास मीठ चोळून ठेवा. मिठाने मांसातली काही प्रथिनं सैल होतात आणि पाणी धरून ठेवतात.

गैरसमज ६: लोण्यात तेल मिसळलं की लोणी करपत नाही.

वस्तुस्थिती: लोण्यात करपते ती चरबी नव्हे, तर दुधातली प्रथिनं आणि शर्करा. लोणी कढवल्यावर तळाशी जी बेरी उरते, ती हीच. तेल कितीही घातलं तरी बेरी आपल्या ठरलेल्या तापमानालाच काळी पडते. तेलाने ती विरळ होते, इतकंच. चिकन परतायला तेल किंवा साजूक तूप घ्या. तुपातली बेरी आधीच गाळलेली असल्याने ते जास्त तापमान सहज सोसतं. ऑलिव्ह तेलही चालतं, कारण मध्यम आचेवर ते धुरावण्याइतकं तापत नाही. लोण्याची खरी जागा सॉसमध्ये, अगदी शेवटी आहे.

गैरसमज ७: नॉनस्टिक पॅन सर्वांत सोयीचा.

वस्तुस्थिती: चिकटू न देणं हा नॉनस्टिकचा गुण इथे उलटा पडतो. खरवड धरलीच नाही तर वाइन सोडवणार काय? जाड बुडाचा स्टीलचा पॅन उत्तम. तो आधी तापवा, मग तेल आणि मग चिकन. सुरुवातीला काप चिकटल्यासारखा वाटतो. ओढाताण केली नाही तर कड खरपूस होताच तो बहुतेक आपणहून सुटतो. दोन काप एका वेळी पुरेत. गर्दी केली की पॅन थंड पडतो आणि पाणी सुटतं.

बिडाची किंवा लोखंडी कढई आणि हिंडालियमचं भांडं इथे नको. लिंबू आणि वाइन दोन्ही आंबट, धातूशी त्यांची अभिक्रिया होऊन सॉसला धातूची चव येते. पितळेच्या भांड्यात आंबट शिजवण्याआधी कल्हई पाहण्याची आपली पद्धत याच कारणाने पडली.

खरवड तपकिरी असेल तरच उपयोगी. काळी झाली असेल तर पॅन पुसून घ्या. तो कडवटपणा कुठल्याही लिंबाने झाकत नाही.

गैरसमज ८: उकळी आली की वाइनमधला अल्कोहोल पूर्ण उडून जातो.

वस्तुस्थिती: शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांना उकळतो, त्यावरून ही समजूत आली. पण पाण्यात मिसळलेला अल्कोहोल एकटा निघून जात नाही. दोन्ही वाफ होऊन बरोबर जातात आणि थोडा मागे राहतोच. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या पाककृतींमध्ये मूळ अल्कोहोलच्या ४ ते ८५ टक्के भाग शिल्लक आढळला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून १५ मिनिटं शिजवल्यावर सुमारे ४० टक्के उरतो, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनी ५ टक्के. पेटवून ज्वाळा दाखवण्यात देखावा मोठा असतो, तरी सुमारे ७५ टक्के तसाच राहतो.

आपला सॉस तर काही मिनिटांत होतो. चौघांसाठी १०० मिलिलिटर वाइन घेतली आणि ती १२ टक्क्यांची असली, तर तिच्यात १२ मिलिलिटर अल्कोहोल असतो. त्यातला निम्मा उरला असं धरलं तर माणशी दीड मिलिलिटर. हे प्रमाण थोडं आहे, पण शून्य नाही. ताटावर बसणारं कोणी श्रद्धेमुळे, गरोदरपणामुळे किंवा औषधांमुळे अल्कोहोल टाळत असेल, तर ‘सगळं उडून गेलंय’ असं सांगून वाढणं योग्य नाही. त्यांच्यासाठी वाइनऐवजी चिकनचा स्टॉक घ्या आणि लिंबू थोडं वाढवा. खरवड त्यानेही सुटते. वाइनचा गंध येणार नाही, पण सॉस रिकामा लागणार नाही.

गैरसमज ९: वाइन महागडी हवी, किंवा उलट, कुठलीही चालते.

वस्तुस्थिती: महागड्या वाइनचे नाजूक गंध आचेवर टिकत नाहीत, म्हणून तिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. पण ती कोरडी, म्हणजे गोड नसलेली, असलीच पाहिजे. सॉस आटताना गोडवा आणि आंबटपणा दोन्ही दाट होतात. नाशिकची सोव्हिन्याँ ब्लां २००० सालापासून बाजारात आहे आणि या कामाला ती योग्य आहे. शेनिन ब्लां अनेकदा किंचित गोडसर असते, तेव्हा बाटलीवर काय लिहिलंय ते पाहून घ्या. गोव्यात मिळणारी गोड पोर्ट इथे चालणार नाही. ‘कुकिंग वाइन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत बहुधा मीठ घातलेलं असतं, ते आटून सॉस खारट होतो.

गैरसमज १०: लिंबू जितकं आधी, तितकं चिकन मऊ.

वस्तुस्थिती: तंदुरी चिकनला आपण दही-लिंबू लावून ठेवतो, ती सवय इथे नडते. पातळ कापावर लिंबाचा रस तासन्‌तास राहिला तर वरची प्रथिनं आम्लानेच घट्ट होतात आणि चिकन खडूसारखं भुसभुशीत लागतं. शिवाय ओल्या, आंबट पृष्ठभागावर रंगही नीट चढत नाही. रसाचा ताजेपणा उकळण्यातही जातो. म्हणून वाइन निम्मी आटल्यावरच रस घाला.

इटलीतलं लिंबू आपल्या कागदी लिंबापेक्षा मोठं आणि जाड सालीचं असतं. त्याचा सुगंध सालीतल्या तेलात असतो, म्हणून किसलेली साल वापरतात. कागदी लिंबाची साल फारच पातळ, तिच्याखालचा पांढरा भाग कडू. किसायची असेल तर हात हलका ठेवा, आणि लिंबाच्या चकत्या सॉसमध्ये शिजवत ठेवू नका. रसही चमच्याचमच्याने, चाखत घाला.

गैरसमज ११: सॉस दाट करायला क्रीम किंवा कॉर्नफ्लोअर लागतं.

वस्तुस्थिती: दाटपणा मैदा आणि लोणी मिळून देतात. कापावरून सुटलेला मैदा खरवडीत असतोच. लिंबू घातल्यावर आच बंद करा, फ्रिजमधल्या थंड लोण्याचे चार-पाच लहान तुकडे एकेक करून टाका आणि पॅन गोल फिरवत राहा. लोण्यातली चरबी बारीक थेंबांनी सॉसमध्ये पसरते आणि त्याला चकाकी येते. यानंतर उकळी आली की चरबी वेगळी होऊन वर तरंगते. सॉस फाटल्याचा दोष लोक लिंबाला देतात, पण बहुतेक वेळा दोष या उकळीचा असतो. कमी चरबीचं क्रीम घातलं तर मात्र ते लिंबाने खरोखरच फाटू शकतं.

गैरसमज १२: पाहुणे येण्याआधी करून ठेवला, मग नुसता गरम केला की झालं.

वस्तुस्थिती: रस्सा मुरून चांगला लागतो, हा मुरत नाही. पुन्हा तापवताना काप जास्त शिजतात आणि लोणी सुटतं. आधी करून ठेवायची ती तयारी: काप ठोकून मीठ लावून फ्रिजमध्ये, लिंबू पिळून वाटीत, वाइन मोजून, लोण्याचे तुकडे थंड. मंडळी टेबलाशी बसली की पॅन तापवा. काप परतून बाहेर काढा, वाइन ओतून लाकडी उलथन्याने खरवड सोडवा, वाइन आटवा, लिंबू घाला, आच बंद करून लोणी मिसळा आणि काप सॉसमध्ये घोळवून लगेच वाढा. सगळं मिळून पंधरा मिनिटं. अमेरिकेत हे पास्त्यावर घालून देतात. इटलीत मांसाचा पदार्थ पास्त्यानंतर वेगळा येतो आणि सॉस पुसायला पाव असतो. आपल्याकडे बेकरीचा कडक पाव त्या कामाला उत्तम, फक्त माणशी दोन धरा.