इंग्रजीचे व्याकरण आपल्या घरातच आहे

मुलगी पाचवीत असताना शाळेत पालकसभा होती. शाळा इंग्रजी माध्यमाची. मी बुरखा घालून निघाले, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "अम्मी, तू नको ना येऊस. अब्बांना पाठव."

कारण विचारायची गरज नव्हती. मागच्या सभेत मी वर्गशिक्षिकेला म्हणाले होते, "शी डिड नॉट केम येस्टरडे." बाई काही बोलल्या नाहीत, पण बाजूला उभी असलेली दोन मुले हसली. माझी मुलगी खाली पाहत राहिली होती.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. दहावी झाली, लग्न होऊन जोगेश्वरीला आले आणि इंग्रजी मागे पडले. क्लास लावायचा तर फी हवी आणि संध्याकाळची वेळ हवी. घरात सासूबाई आणि दोन मुले, म्हणजे दोन्हींची अडचण. मग मुलीचे मागच्या वर्षीचे ग्रामरचे पुस्तक, रद्दीवाल्याकडे मिळालेली तर्खडकरांच्या नावाने ओळखली जाणारी 'भाषांतर पाठमाला' आणि एक दोनशे पानी वही एवढ्यावर सुरुवात केली.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. ग्रामरच्या पुस्तकात शब्दांच्या आठ जाती होत्या: नाऊन, प्रोनाऊन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब वगैरे. या तर मला पाठ होत्या! नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. हा योगायोग नव्हे. मुंबईतच जन्मलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचे व्याकरण छापले, ते इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून. म्हणजे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला इंग्रजी व्याकरणाचा नकाशा आधीच मिळालेला असतो. फक्त दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहायला हव्यात.

मी तसे पाहू लागले. लोकलच्या डब्यावर 'महिलांसाठी' आणि 'फॉर लेडीज' असे लिहिलेले असते. आपला 'साठी' शब्दाच्या मागून येतो, इंग्रजीतला 'फॉर' पुढे येतो. आपले शब्दयोगी अव्यय आणि त्यांचे प्रेपोझिशन, काम एकच, बसायची जागा वेगळी. अंधेरीला उतरेपर्यंत हा धडा पक्का झाला.

नंतर माझी जुनी चूक. 'डिड' आला की भूतकाळाचे काम त्याने उरकलेले असते, म्हणून पुढे 'केम' नव्हे, 'कम' यायला हवे. मराठीत आपण 'ती येत नव्हती' म्हणतो. भूतकाळ 'नव्हती'ने उचलला, 'येत' तसेच राहिले. आपणही काळाचे ओझे दोनदा वाहत नाही.

काही ठिकाणी इंग्रजी सोपीही निघाली. त्याने आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, आंबे खाल्ले. आपले क्रियापद खाण्याच्या वस्तूप्रमाणे बदलते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'ही एट'. वर्तमानकाळात मात्र कर्त्याकडे लक्ष ठेवावे लागते: 'आय ईट', पण 'ही ईट्स'.

'अ' आणि 'द' यांनी सर्वांत जास्त छळले, कारण मराठीत तसे शब्द नाहीत. पण मुलांना गोष्ट सांगताना आपण आधी 'एक राजा होता' म्हणतो आणि पुढे 'तो राजा' म्हणतो. पहिल्यांदा भेटणारा 'अ किंग', ओळख झालेला 'द किंग'. सगळीकडे हा नियम पुरत नाही, पण सुरुवातीला पुष्कळ पुरतो.

पद्धत मात्र मी मदरशातून घेतली. कायदा शिकणाऱ्या मुलांना उस्ताद रोज थोडाच सबक देतात, तो मोठ्याने म्हणवून घेतात आणि मागचा सुटू देत नाहीत. मीही फजरनंतर वीस मिनिटे ठरवली. एक नियम, त्यावर आपल्याच घरातली पाच मराठी वाक्ये आणि त्यांचे इंग्रजी. 'सासूबाईंनी औषध घेतले नाही.' 'नळाला पाणी आले नाही.' ती मोठ्याने म्हणायची. शुक्रवारी नवीन काही नाही, आठवड्याची उजळणी. पुस्तकातली परकी वाक्ये विसरायला होतात, नळाचे पाणी विसरत नाही.

वही तपासायला कोणी नव्हते. एके रात्री मुलीनेच ती ओढून घेतली आणि लाल पेनाने तीन चुका काढल्या. मग स्वतःची मराठीची वही पुढे करून म्हणाली, "अम्मी, हे शब्दयोगी अव्यय म्हणजे काय ग? आमच्या बाईंनी सांगितलं, पण कळलं नाही."

मी म्हटले, "लोकलच्या डब्यावर काय लिहिलेलं असतं?"

तेव्हापासून रात्री जेवणानंतर आमच्या दोन वह्या एकमेकींसमोर असतात. पुढच्या पालकसभेला मी गेले. दोन ठिकाणी अडखळले, एकदा चुकलेही. पण 'शी डिड नॉट कम' बरोबर म्हणाले. या वेळी मुलगी माझ्या शेजारी उभी होती आणि तिने मान खाली घातली नव्हती.