शक्तिवाढीचे मापन

इंजिनाची शक्ती ही गणिताने काढावयाची राशी होय. न्यूटन-मीटरमधील परिबलास, म्हणजेच टॉर्कला, दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९५४९ ने भागले असता ती किलोवॅटमध्ये मिळते. उदाहरणार्थ, २०१३ सालच्या फोल्क्सवॅगन गोल्फ जीटीआय या गाडीच्या २ लिटर टर्बो इंजिनाचे परिबल ४४०० फेऱ्यांस ३५० न्यूटन-मीटर असते. त्यावरून शक्ती सुमारे १६१ किलोवॅट येते. कारखान्याचा आकडा १६२ आहे.

नियंत्रण-संगणकात फेरफार करून टर्बोचा दाब वाढविला की शक्ती वाढते. परंतु किती, हे सांगणे सोपे नाही. गाडी रोलरांवर चालविणाऱ्या डायनॅमोमीटरला चाकांपाशी पोचलेलीच शक्ती दिसते. गिअर व टायर यांतील व्यय अंदाजाने मिळवावा लागतो. शिवाय हवामानाची दुरुस्ती असते. जर्मन डिन ७००२० मानकाचा आधार २० अंश सेल्सिअस व १०१३ मिलिबार, तर अमेरिकन एसएई जे१३४९ चा २५ अंश व ९९० मिलिबार. सबब एकाच चाचणीतून दोन आकडे निघतात. त्यातही टर्बोविरहित इंजिनाचा गुणक येथे लावल्यास फसगत होते. हवा विरळ असली तरी टर्बो आपला दाब पुष्कळसा राखतो. मग गुणक नसलेली शक्ती दाखवितो.

यास्तव फेरफारापूर्वी व नंतर एकाच यंत्रावर, एकाच गिअरमध्ये, सारख्याच तापमानास अनेक चाचण्या घ्याव्यात. एकाच स्थितीतील चाचण्यांत जेवढा फरक पडतो, त्याहून अधिक असेल तीच खरी वाढ.