पायाच्या फुगलेल्या शिरा



विषय उसाचा नाही, पण रात्रपाळीचे पाणी देताना तासन्‌तास उभे राहणाऱ्या पायांचा आहे.

पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला की पाईपातले पाणी परत विहिरीत उतरते. शिरांचेही तसेच. पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो, शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. झडप निकामी झाली की रक्त साचून शीर फुगते. संध्याकाळी पाय जड होतात. पुढे घोट्याजवळ कातडी काळी पडते, जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. तिथवर थांबू नका. तेल चोळून झडप बसत नाही.

चालणे, पाय उशीवर उंच ठेवून पडणे, सकाळीच वैद्यकीय घट्ट मोजे घालणे, यांनी त्रास आवरतो. मात्र मधुमेह किंवा तंबाखू-विडीची सवय असेल तर मोजे डॉक्टरांना विचारूनच घालावेत. बारीक शिरा औषधाच्या इंजेक्शनने बंद करतात. मोठी शीर आधी डॉपलर सोनोग्राफीत तपासून लेसरच्या उष्णतेने आतून बंद करता येते. चिरफाड नाही, बहुधा त्याच दिवशी घरी. एक सरी बुजवली तरी पाणी शेजारच्या सरीने जाते, तसे रक्त चांगल्या शिरांतून वाट काढते.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर गुठळीची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

– ऊस विकास अधिकारी