काम सहायकाचे, मोबदला सेवकाचा

तुमसर तालुक्यातील सिहोरा हा धानाचा पट्टा. रोवणी आटोपली की तुडतुडे, खोडकिडा व करप्याची चिंता सुरू होते आणि शेतकऱ्याला कृषी सहायकाची आठवण येते. परंतु बांधावर येणारा नवा कर्मचारी कागदोपत्री सहायक नसून ‘कृषी सेवक’ असे.

सरळसेवेने निवड होऊनही नियमित वेतनश्रेणीपूर्वी 3 वर्षे ठरावीक मानधनावर काम करावयाचे, अशी ही योजना. हे मानधन 2023 पर्यंत दरमहा 6 हजार, म्हणजे दिवसाला 200 रुपये होते. कृषी पदवी किंवा पदविका घेतलेल्या तरुणाची ही किंमत! 2023 मध्ये ते 16 हजार झाले. कामात मात्र सेवक व सहायक असा भेद नाही. कीड सर्वेक्षण, पीक कापणी प्रयोग, योजनांचे ऑनलाइन अर्ज, शेतीशाळा हे सारे दोघांनाही सारखेच.

मे 2025 मध्ये राज्यभरातील कृषी सहायकांनी आंदोलन केले. सेवक कालावधी रद्द करावा, लॅपटॉप द्यावेत, पदनाम बदलावे, या त्यांच्या मागण्या होत्या. त्यांपैकी पदनाम लगेच बदलले व सहायकाचा ‘सहायक कृषी अधिकारी’ झाला. तिजोरीवर सर्वांत कमी भार याच मागणीचा होता.

शहरी वाचकास हा केवळ पगाराचा वाद वाटेल. पण अतिवृष्टीनंतर महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी खात्यांचे गावपातळीवरील तिघे कर्मचारी संयुक्त पंचनामा करतात. बुडालेल्या धानाची भरपाई त्यावरच ठरते.