पणजोबांची फार्गो आणि आरसी बुक

शाहूपुरीतील आमचे स्नेही अण्णा यांच्या जुन्या वखारीमागे, पत्र्याच्या छपराखाली, एक फार्गो पिकअप उभी आहे. तिच्या हौद्यातून एकेकाळी गुळाचे रवे वाहिले गेले. आता त्यात रिकामी पोती आणि एक मोडका वजनकाटा आहे. अण्णांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती घेतली होती. आबांना जाऊन तीस वर्षे झाली. तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही.

गेल्या महिन्यात अण्णांचा फोन आला. "तुम्ही एकदा येऊन जा. नातवाने गाडी कापायला काढली आहे. सोमवारी गॅरेजवाले उचलून नेणार आहेत."

नातू चोवीस वर्षांचा, अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, बोलका आणि मेहनती. त्याने वहीत काढलेली चित्रे माझ्यासमोर पसरली. मूळ आकाराची केबिन, गोल दिवे, गुबगुबीत मडगार्ड. मात्र संपूर्ण गाडी जमिनीलगत बसवलेली. आत स्कॉर्पिओचे २.२ लिटरचे एमहॉक डिझेल इंजिन, १२० अश्वशक्तीचे, त्याच्याच गिअरबॉक्ससह. अपघातात सापडलेल्या गाडीचे इंजिन त्याने पाहूनही ठेवले होते. "काका, बाहेरून पणजोबांची गाडी आणि आतून आजची," तो म्हणाला. कल्पना मोहक होती, हे मला मान्यच करावे लागले.

मी यंत्रशास्त्राचा माणूस नव्हे. उभी हयात बँकेत गेली. पण मुलाचे मन न मोडता निर्णय व्हावा म्हणून अण्णांनी मला बोलावले होते, तेव्हा आधी विषय समजून घेणे भाग होते. पुढील चार दिवसांत जे वाचले, पाहिले आणि विचारले, ते येथे मांडतो. कारण अशी एखादी जुनी गाडी आपल्यापैकी अनेकांच्या वखारीत उभी असेल.

फार्गो हे नाव ज्येष्ठ वाचकांना परके नाही. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचे हे एक छाप. डॉज आणि डिसोटो ही त्याची भावंडे. भारतात या गाड्या आणल्या त्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ साली स्थापन केली आणि १९४७ साली मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत पाऊल टाकणाऱ्या त्या पुरुषाचा हात अण्णांच्या वखारीपर्यंत असा पोहोचलेला आहे.

गाडी जमिनीलगत बसवण्याचा छंद अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया प्रांतातला. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाचे तरुण जुन्या गाड्या घेत आणि मागच्या डिकीत वाळूची पोती टाकून त्या खाली बसवत. वेगाने जाण्यासाठी नव्हे, तर संथपणे मिरवण्यासाठी. १९५८ साली तेथे कायदा झाला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळरेषेखाली येता कामा नये. त्यावर १९५९ साली रॉन अगिरे नावाच्या तरुणाने विमानातील हायड्रॉलिक पंप आपल्या मोटारीस बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, पोलीस गेले की खाली! पुढे हेच वेड पिकअप गाड्यांपर्यंत आले. १९४७ नंतरच्या शेवरोले पिकअपमध्ये १९९७ साली आलेल्या कॉर्व्हेटच्या जातीचे ॲल्युमिनियमचे व्ही-आठ इंजिन बसवणे हा तेथे आता एक रुळलेला व्यवसाय आहे. त्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या नियतकालिक तपासणीतून सूट आहे. म्हणजे तिकडच्या कारागिरांना मोकळे अंगण आहे. ते अंगण आपल्याकडे आहे काय, हा प्रश्न नातवाने स्वतःला विचारलेला नव्हता.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. उद्यमनगरातील एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे मी नातवाला घेऊन गेलो. कोल्हापुरात असे हात मिळतात. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि जेथील फौंड्र्यांतून आज देशभरच्या वाहनांचे सुटे भाग जातात, तेथे गाडी कापून जोडणे ही अशक्य गोष्ट नव्हे. मिस्त्रींनी चहा सांगितला आणि बोटांवर कामे मोजली.

जुन्या पिकअपची चासी म्हणजे दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, शिडीसारख्या. खाली पाटे, पाट्यांना बांधलेला आस. गाडी खाली आणायची तर मागचा आस पाट्यांच्या खालून काढून वर न्यावा लागतो किंवा त्याउलट पाटे बदलावे लागतात. मग खड्ड्यात चाक वर उसळले की आस चासीवर आपटतो. म्हणून आसाच्या वरची चासी कमानीसारखी कापून तिला वरून नवी पोलादी कमान जोडायची. तेवढ्याने हौद्याचा तळही उचलावा लागतो. पुढे अखंड आस काढून दोन्ही चाके स्वतंत्र हलतील अशी रचना करायची. चासीची उघडी पट्टी नव्या इंजिनाचा जोर पेलत नाही, म्हणून तिला आतून पत्रा लावून पेटीसारखी बंद करायची. इंजिनाचे तेलाचे भांडे आता रस्त्याच्या जवळ आलेले. इंजिन थोडे वर घ्यावे तर प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि गाडी थरथरते.

"आणि ब्रेक?" मी विचारले.

मिस्त्री हसले. "साहेब, पोरं इंजिनापासून सुरुवात करतात. आम्ही ब्रेकपासून करतो." जुन्या गाडीत चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून एकच तेलाची वाट. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. जोर वाढवायचा तर आधी पुढे डिस्क ब्रेक, दोन स्वतंत्र वाटांचा मास्टर सिलिंडर आणि नवे स्टिअरिंग हवे. त्यानंतर वायरिंग. आजचे इंजिन एकटे चालत नाही. त्याचा संगणक, पेडल, किल्ली, मीटर आणि सेन्सर हे एकमेकांना ओळखतात. यातले एक नसले तर इंजिन सुरूच होत नाही. शेवटी सगळे रंगाशिवाय एकदा जोडायचे, चालवून पाहायचे, पुन्हा सुटे करायचे आणि मग रंग द्यायचा. "दिसणारं काम सहा महिन्यांचं, न दिसणारं दीड वर्षाचं," असे मिस्त्रींचे अनुमान.

रस्त्याचाही विचार हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी. प्रत्यक्षात आपल्या गल्लीतील गतिरोधक कसे असतात, हे वाचकांना सांगायला नको. पाट्यांच्या जागी हवेच्या पिशव्या बसवून गाडी हवी तेव्हा उचलता येते, पण मग कंप्रेसर, टाकी, नळ्या आणि त्यांची गळती हा आणखी एक संसार मागे लागतो.

हे सारे ऐकूनही नातू डगमगला नाही. याचे मला कौतुक वाटले. तेव्हा मी माझ्या विषयाकडे वळलो. "गाडीचे आरसी बुक आण," मी म्हणालो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले. त्यानुसार अमान्य बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सीएनजी, वीज अशा वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्यास वाव आहे. पण ते किट ज्या जातीच्या गाडीसाठी मान्य असेल तिलाच बसवता येते. चासी कापून कमान जोडणे यात कोठेच बसत नाही.

दुसरी बाजूही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुरातन वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, पुढील नोंदणीस ५,००० रुपये. आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वा व्यापारी वापरासाठी नव्हे. आपल्या दसरा चौकात विजयादशमीला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार येते, तेव्हा लोक तिच्याकडे का पाहत राहतात? ती जशी होती तशी आहे म्हणून. कटर एकदा चालला की हा दरवाजा कायमचा बंद होतो.

नातवाने आरसी बुक आणले. कापडी बांधणीचे, कडा कुरतडलेले. त्यात आबांच्या हयातीतील एक नोंद निघाली: मूळ पेट्रोल इंजिन काढून पर्किन्स डिझेल इंजिन बसवले, नवा इंजिन क्रमांक, सही, शिक्का. त्या काळी मद्रासची सिम्पसन कंपनी पर्किन्स इंजिने बनवी आणि पेट्रोल परवडेना म्हणून अनेक व्यापाऱ्यांनी ती आपल्या गाड्यांना बसवली.

नातू उजळला. "बघा काका! पणजोबांनी पण इंजिन बदललंच की!"

"बदलले," मी म्हणालो, "आणि नोंदवले."

मग मी त्याला माझी एक चूक सांगितली, जी आजवर घरीही फारशी सांगितलेली नाही. शाखेत असताना एका ट्रकच्या कर्जाची वार्षिक तपासणी मी करीत असे. ट्रक दारात उभा आहे, नंबर प्लेट बरोबर आहे, एवढे पाहून सही करीत असे. बॉनेट कधी उघडले नाही. मालकाने मध्येच दुसरे इंजिन बसवले होते. नोंद केली नव्हती. अपघात झाला तेव्हा विम्याच्या सर्वेक्षकाने इंजिन क्रमांक ताडून पाहिला आणि दावा अडकला. त्या गृहस्थाने हप्ते फेडण्यासाठी पत्नीचे दागिने मोडले. तो अप्रामाणिक नव्हता, मीही नव्हतो. कागद एक सांगत होता, गाडी दुसरे. आणि ते दोन्ही एकदा ताडून पाहणे हे माझे काम होते.

हिशेबाचेही पाहिले. घटत्या शिल्लक पद्धतीने १५ टक्के घसारा धरला, तर १५,००० रुपयांची गाडी ५० वर्षांनी वहीत साधारण साडेचार रुपयांवर येते. शून्यावर मात्र कधीच येत नाही. तो आकडा मी कागदावर मांडून दाखवला तेव्हा अण्णा प्रथमच बोलले. "तेवढे साडेचार रुपये राहू देत."

आरसी बुकातील दुसरी गोष्ट अधिक तातडीची होती. गाडी अजून आबांच्याच नावावर होती. मालक निवर्तल्यावर वारसाने तीस दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. येथे तीस वर्षे लोटली होती आणि अण्णांना दोन भाऊ आहेत. म्हणजे नातू जी गाडी कापायला निघाला होता, ती कागदोपत्री त्याच्या आजोबांचीही नव्हती.

रविवारी रात्री नातवाने स्वतःच गॅरेजला फोन करून सोमवारचे काम रद्द केले. दिलेल्या आगाऊ रकमेतील काही परत मिळणार नाही, हे त्याने निमूटपणे स्वीकारले. दोन्ही काकाआजोबांची संमतीपत्रे आता आली आहेत. नाव बदलणे, थकलेला कर आणि नोंदणीचे नूतनीकरण झाल्यावर पुरातन वाहनासाठी अर्ज जाईल. पर्किन्स इंजिनाची नोंद अर्जात लपवायची नाही, असे ठरले आहे. त्यावरून समिती काय म्हणेल ते म्हणेल.

आणि त्याची चित्रे? ती वाया गेलेली नाहीत. मिस्त्रींच्या अंगणात एका भंगारातील पिकअपची नोंदणी नसलेली चासी पडून होती. ती नातवाने विकत घेतली आहे. तिच्यावर तो कमान कापायला, पेटी बंद करायला, शाफ्टचा कोन जुळवायला शिकतो आहे. ही गाडी रस्त्यावर येणार नाही, वखारीच्या आवारातच राहील, हे त्याने अण्णांना लिहून दिले आहे. सुरुवात त्याने ब्रेकपासून केली आहे.

वाचकहो, आपल्याही वखारीत अशी गाडी असेल तर या रविवारी तिचे बॉनेट उघडा. आत कोरलेले क्रमांक आणि आरसी बुकातील क्रमांक शेजारी शेजारी ठेवून वाचा. मग पुढचे काय ते ठरवा.