सल्ला देण्यापूर्वी : आरोग्य सल्लागारांच्या प्रशिक्षणाविषयी थोडेसे

आमच्या देणगीदारांकडून एक प्रश्न आवर्जून विचारला जातो. डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेविका यांना देशोदेशींच्या आरोग्य प्रकल्पांना सल्ला देण्याचे शिक्षण कशासाठी द्यावयाचे? येथील रुग्णसेवेलाच पैसा अपुरा पडत असताना ही चैन नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

निरनिराळ्या देशांची सरकारे, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व अनेक सेवाभावी संस्था काही आठवड्यांसाठी वा महिन्यांसाठी बाहेरील तज्ज्ञांना पाचारण करतात. लसीकरण का मागे पडले, बाळंतिणी दवाखान्यात का येत नाहीत, अशा प्रश्नांची उत्तरे त्यांनी शोधावयाची असतात. अशा तज्ज्ञाच्या हाती हुकूम देण्याचा अधिकार नसतो. आपले वैद्यकीय ज्ञान परक्या भूमीत उपयोगी पडेल अशा रीतीने मांडणे, हे त्याचे खरे कौशल्य होय. आणि ते वैद्यकीय पदवीबरोबर आपोआप येत नाही.

आपल्या कुरवंड्याचेच उदाहरण घेऊ. एखादा परदेशी सल्लागार बुधवारी येथे आला, तर नकाशावर लोणावळा हाकेच्या अंतरावर दिसेल आणि रस्ताही मोकळा मिळेल. रुग्णास शहरात नेणे सोपे आहे, असे तो अहवालात लिहील. परंतु पावसाळ्यातील रविवारी पर्यटकांच्या वाहनांनी तोच रस्ता तुंबला की अडलेल्या बाळंतिणीसाठी ते अंतर किती वाढते, हे त्याला कुरवंड्याची सुईणच सांगू शकेल. १६६१ साली कारतलबखानाची मोठी फौज याच कुरवंडे घाटाने कोकणात उतरली आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या तुटपुंज्या सैन्याने तिला कोंडीत पकडले. मुलूख जाणल्यावाचून बळ कामी येत नाही, हा धडा या परिसराला नवा नाही.

आरोग्याच्या क्षेत्रात अशा अज्ञानाची किंमत प्राणांनी मोजावी लागते. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेतील गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या देशांत इबोलाची भीषण साथ पसरली. मृतदेहापासूनही संसर्ग होत असल्याने पथके ते ताब्यात घेऊन परस्पर पुरू लागली. शास्त्रदृष्ट्या यात चूक नव्हती. परंतु अंत्यविधीला मुकलेली कुटुंबे आजारी माणसे व मृतदेह लपवू लागली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित व सन्मानपूर्वक दफनाची नवी पद्धत जाहीर केली व तीत कुटुंबीयांना आणि धर्मगुरूंना स्थान दिले. एकूण अकरा हजारांहून अधिक माणसे या साथीत दगावली.

आधी विचारावे, मग सांगावे, ही रीत महाराष्ट्राने जगाला दाखविली आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे काम सुरू केले आणि अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेपूर्वीच, १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या एका ग्रंथात या प्रयोगाची नोंद झाली. पुढे अनेक देशांतील कार्यकर्ते जामखेडला शिकावयास आले व त्यांना शिकविणाऱ्यांत याच सेविका होत्या. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ची स्थापना केली. तुम्ही रुग्णालयात का येत नाही, असे त्यांनी आदिवासींना विचारले, तेव्हा पांढरा वेश प्रेताच्या कापडाची आठवण देतो आणि नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, अशी उत्तरे मिळाली. म्हणून त्यांचा दवाखाना आदिवासी वस्तीच्या धर्तीवर उभा राहिला. घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा त्यांचा ३९ गावांतील प्रयोग १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत राबविली जाऊ लागली.

अशा प्रशिक्षणात प्रामुख्याने पाच गोष्टी येतात. पहिली, कामाची मर्यादा आरंभीच लेखी ठरविणे : प्रश्न कोणता, मुदत किती, अहवाल कोण वापरणार. दुसरी, ऐकणे, अधिकाऱ्यांचे जितके, तितकेच सफाई कामगाराचे व रुग्णाच्या आईचे. तिसरी, माहितीची शहानिशा : वहीत लस दिल्याची नोंद असेल, तर किती मात्रा आल्या, किती उरल्या व किती बालकांना प्रत्यक्ष मिळाल्या, हे ताडून पाहणे. चौथी, शिफारशी मोजक्या व झेपतील अशा करणे. वीज वारंवार जात असेल, तर केवळ नवा शीतकपाट सुचवून भागत नाही. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये कशी टिकेल, खर्च कोण करील व देखभाल कोणाची, हेही सांगावे लागते. पाचवी, आपण निघून गेल्यावर काम चालू राहावे म्हणून स्थानिकांना तयार करणे.

शिकलेली माणसे परदेशीच राहिली तर, ही भीती निराधार नाही. मात्र आरोळे व बंग ही दोन्ही दांपत्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्यशास्त्र शिकून आपल्या गावांकडे परतली, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय या शिक्षणाचा पहिला लाभ परदेशाला नव्हे, येथील रुग्णाला होतो. जो डॉक्टर परक्या देशात आधी विचारावयास शिकला, तो आपल्या बाह्यरुग्ण विभागातही औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी विचारील : औषध परवडेल का, घरी काळजी घ्यायला कोण आहे, पुन्हा येण्यास गाडी मिळेल का?

रुग्णांच्या आप्तांना आमची विनंती आहे, की या प्रश्नांची उत्तरे त्यांनी संकोच न करता द्यावीत आणि आपलेही प्रश्न विचारावेत. देणगीदारांनी दिलेला पैसा जसा खाटा व यंत्रे यांवर खर्च होतो, तसा तो ऐकून घेणारी माणसे घडविण्यावरही व्हावा, असे आम्हांस मनापासून वाटते.